वाचकांचे प्रश्न : गाडी उभी असते तेव्हा

मागच्या अंकात आम्ही लांब पल्ल्याच्या ट्रकवर राहणाऱ्या ड्रायव्हरांच्या जगण्याबद्दल प्रश्न मागवले होते. उत्तरं दिली आहेत चांदवड तालुक्यातल्या एका ड्रायव्हरकाकांनी. ते बारा टायरी गाडीवर असतात, बहुतेक वेळा कांदा घेऊन बंगालच्या बाजूला. ‘नाव छापू नका, शेठ मासिक वाचतो’ असं त्यांनी बजावलं आहे. उत्तरं त्यांनी फोनवर बोलून पाठवली, आम्ही ती उतरवून घेतली.

यूट्यूबवर लोक गाडीचंच घर करून देश फिरताना दिसतात. मलाही तसं करायचं आहे. तुम्ही तर आधीपासून तसेच राहता. केबिनमधलं घर कसं असतं? – एक आयटी नोकरदार, हिंजवडी

दादा, ते व्हिडिओ मीही बघतो, पार्किंगला पडल्या पडल्या. त्या गाड्यांत मागच्या बाजूला पलंग, बेसिन, फ्रिज असतो. आमच्या मागच्या बाजूला वीस-पंचवीस टन माल असतो, म्हणून घर सगळं पुढं.

दोन सीटा आणि त्यांच्या मागं आडवा बर्थ. माझी उंची बेताची आहे, तरी पाय सरळ केले की दाराला लागतात. बर्थखाली कपड्यांची पिशवी, औषधांचा डबा, कागदांची फाईल. आता सगळी कागदं मोबाईलमध्ये दाखवली तरी चालतात, पण काही ठिकाणचे साहेब कागद हातात घेतल्याशिवाय मान वर करत नाहीत, म्हणून फाईल ठेवावीच लागते. काचेच्या वर सप्तशृंगी आई. ताडपत्री आणि दोरखंड टपावर. स्टो, तांदूळ, पीठ, तेलाची बाटली हे सगळं बाहेरच्या पेटीत, चेसिसच्या कडेला. स्वयंपाकघर रस्त्यावर आणि देवघर आत, असा आमचा वास्तू.

आणि इंजिन आपल्या खाली असतं, हे तुमच्या व्हिडिओवाल्यांना ठाऊक नसेल. गाडी बंद केली तरी दोन-तीन तास खालून धग येत राहते. डिसेंबरात छत्तीसगडला बरं वाटतं. मे महिन्यात अकोल्याला तीच धग आणि वरून पत्रा. तेव्हा केबिनमध्ये झोपायचं नाव नको, चादर घेऊन वर मालावर जायचं. कांद्याच्या गोण्यांवर झोप चांगली लागते, फक्त अंगाला जो वास बसतो तो घरी गेल्यावर दोन अंघोळींनीही जात नाही.

तुम्ही जरूर करा हौस. कुठं थांबायचं आणि कधी निघायचं ते तुमच्या हातात असणार, त्यामुळे तुम्हाला जमेलही.

माझे मिस्टर नाशिक-कोलकाता लाईनवर आहेत. सगळे म्हणतात चार-पाच दिवसांचा रस्ता आहे. मग घरी यायला महिना का लागतो? फोन केला की ‘पार्किंगला आहे’ एवढंच सांगतात. घरातली माणसं काहीबाही बोलतात. – एक भगिनी, येवला तालुका

ताई, तुमच्या मिस्टरांची हमी मी देऊ शकत नाही, पण महिन्याचा हिशोब देऊ शकतो.

पहिला मुक्काम पिंपळगावच्या खळ्यावर. लिलावातला कांदा ट्रॅक्टरनं खळ्यावर येतो, बाया निवडतात, गोण्या भरून शिवतात, मग हमाल गाडी भरतात. दुपारून भाव पडल्याची बातमी आली की व्यापारी म्हणतो, आज थांब, उद्या बघू. आपण थांबायचं. गाडी भरली की वाराई म्हणजे हमाली, काट्यावर वजन, बिल्टी म्हणजे मालाची पावती, मग ताडपत्री. कांदा चारी बाजूंनी गच्च बांधून चालत नाही, त्याला हवा लागते. बाजू मोकळ्या ठेवायच्या आणि आभाळ आलं की गाडी कडेला घेऊन धावत बांधायच्या.

मग रस्ता. मालेगाव, धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर, पुढं बांगरीपोशीचा घाट उतरून खरगपूर. अठराशे-एकोणीसशे किलोमीटर. मालाबरोबर सरकारी ऑनलाईन कागद असतो, ई-वे बिल, त्यात २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे सरकारसुद्धा या रस्त्याला नऊ-दहा दिवस देतं. पण कांदा नाशवंत, मालकाचा दर दोन तासांनी फोन, म्हणून आम्ही चार-पाच दिवसांत गाठतो. लोक तुम्हाला सांगतात ते एवढंच. महिन्यातला हाच भाग ज्याला त्याला माहीत असतो, कारण यातच गाडी हलते.

पुढं माल बांगलादेशचा असेल तर बनगाव. सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याच्या अलीकडचं गाव. तिथं पार्किंगमध्ये गाडी लावायची आणि नंबर यायची वाट बघायची. मग सीमेपलीकडं बेनापोलला खाली करायची. आता ऑनलाईन नंबर घ्यायची सोय झालीये, पण पूर्वी आठवडे जायचे. मी तिथं लोकांना दाढ्या वाढवताना पाहिलंय. पंजाबचा, आंध्रचा, आपल्याकडचा, सगळे ड्रायव्हर एका रांगेत, आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या स्टोचा वेगळा वास.

१४ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. तेव्हा मी त्या रांगेत होतो. लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, पेपरात फोटो आले, ते बरोबरच होतं. पण आमच्या गाड्या भरलेल्या होत्या आणि सप्टेंबरातली बंगालची हवा तुम्हाला सांगतो, कपडा दोन दिवस वाळत नाही. सडायला लागलेल्या कांद्याचा वास नंतर येतो, आधी चिलटं येतात. मग फाळक्याच्या फटीतून तपकिरी पाणी ठिबकायला लागतं. मी वर चढून मधल्या थरातल्या गोणीत हात घातला तर आतून गरम लागली, तापलेल्या पोराचं कपाळ लागतं तशी. व्यापारी फोनवर म्हणतो, वरचे दोन थर उतरवून गोण्या उलट्या करा. कोण करणार? मी आणि शेजारच्या गाडीवाला मालदाचा एक पोरगा. त्याच्या गाडीतल्या गोण्या मी उलटवल्या, माझ्यातल्या त्यानं. ज्यांची कस्टमची कागदं बंदीच्या आधी झाली होती त्यांना पुढं सोडलं. माझी नव्हती झाली. शेवटी गाडी मागं फिरवून कोलकात्याच्या पोस्ता बाजारात खाली केली, मिळेल त्या भावात. व्यापाऱ्याचं नुकसान झालं, त्यानं ते मालकाच्या भाड्यातून कापलं, मालकानं हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, मागितले, त्यांचं भांडण वर्षभर चाललं. आम्हाला ट्रिपवर पैसे. ट्रिप एकच झाली होती.

हे झालं जाण्याचं. परतीचं भाडं मिळेपर्यंत आणखी थांबणं असतं. रिकामी गाडी घेऊन या असं कुठलाच मालक म्हणत नाही, डिझेल परवडत नाही. मग दुर्गापूरला लोखंडासाठी नंबर लाव, नाही तर रायपूरपर्यंत काहीतरी अर्धवट भाडं धर आणि तिथून स्पंज आयर्न घेऊन जालन्याला ये. जालन्याच्या स्टीलवाल्यांकडं गेटबाहेर पुन्हा रांग. जालन्याहून येवला किती लांब आहे ते तुम्हाला माहितीये. पण खाली झाल्या झाल्या मालकाचा फोन असतो, तिथूनच अमुक भरून हैदराबादला जा. गाडीचा हप्ता थांबत नाही ना. अशानं माणूस घरापासून दोन-तीन तासांवर येऊनसुद्धा पुढं निघून जातो, आणि ते बायकोला सांगायची त्याला लाज वाटते, म्हणून तो ‘पार्किंगला आहे’ म्हणतो. मी स्वतः तसंच सांगत आलोय.

एक करा. ‘कुठं आहात’ विचारू नका, ‘कशासाठी थांबलात’ विचारा. नंबर, हमाल, कागद, भाडं यांपैकी काय अडलंय ते तो लगेच सांगेल, कारण तेच दिवसभर त्याच्या डोक्यात असतं. आणि घरातल्या माणसांना सांगा, फास्टॅगचा पैसा कापल्याचा मेसेज मालकाच्या फोनवर जातो, गाडीला जीपीएस आहे. आमच्याइतकं पाळतीवर असलेलं माणूस या जिल्ह्यात दुसरं नाही. काहीबाही करायचं म्हटलं तरी ते मालकाला आधी कळेल.

अंघोळ, संडास आणि जेवण यांची सोय कशी होते? कृपया संकोच न करता सांगावं, आम्हाला प्रकल्पासाठी हवं आहे. – नर्सिंगची विद्यार्थिनी, सातारा

पोरी, संकोच कसला. धाब्यावर जेवलं की हौदावर अंघोळ फुकट, ही जुनी रीत अजून आहे. बादली आपली, साबण आपला. पेट्रोल पंपावर हवा, पाणी आणि संडास ग्राहकाला फुकट द्यायचा नियम आहे. पण रात्री कितीतरी पंपांवर संडासाला कुलूप असतं आणि किल्ली ‘मॅनेजरकडे’ असते, आणि मॅनेजर घरी असतो. आम्ही बाप्ये माणसं कुठंही अडोसा शोधतो. आता एखाद-दुसरी बाई ड्रायव्हर दिसायला लागलीये, तिनं काय करायचं हे तुमच्या प्रकल्पात लिहा, आमच्या अंघोळीपेक्षा ते महत्त्वाचं. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ म्हणून ड्रायव्हरांसाठी खोल्या काढल्यात. कॉट, अंघोळ, स्वयंपाकाला जागा. चांगलं आहे, मी राहिलोय. पण आपण थांबतो तिथं ते नसतं आणि ते असतं तिथं आपल्याला थांबायला वेळ नसतो.

जेवणाचं विचारशील तर रोज धाब्यावर खाणं परवडतही नाही आणि पचतही नाही. तेल फार, वर तोच तडका. पार्किंगला असलो की मी हातानं करतो. पेटीचं झाकण खाली पाडलं की त्याचा ओटा होतो. वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठा उभा करायचा, नाही तर स्टो फडफडतो आणि रॉकेलचा वास भाताला लागतो. रॉकेल आता मिळत नाही म्हणून बऱ्याच जणांनी छोटा सिलिंडर घेतलाय. भरल्या गाडीला खेटून गॅस पेटवू नये हे सगळ्यांना कळतं आणि पाऊस आला की सगळे तेच करतात. घरून बाजरीचं पीठ आणतो, ते रायपूरच्या पुढं कडू पडायला लागतं. तिथून भातावर यायचं. काळा मसाला मात्र महिनाभर पुरवायचा. पिठलं सगळ्यात सोपं, बेसन कुठंही मिळतं. कांद्याचं म्हणशील तर गोणी फोडायची नाही हा आमचा नेम आहे, पण वीस-पंचवीस टनांत शिवण उसवलेली एखादी गोणी सापडतेच.

तुझ्या कामाचं म्हणजे ड्रायव्हर लोकांना मूळव्याध, कंबर आणि गुडघे, ही तीन दुखणी विचार. आणि डोळे. डोळ्यांचं कोणी आपणहून सांगणार नाही, कारण लायसन्सचा प्रश्न येतो. टोल नाक्यावर फुकट तपासणीचं शिबिर असतं तिथं चष्म्याचा नंबर निघालेले लोक चष्मा घेतात, खिशात ठेवतात आणि तसेच निघतात. हे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, दहावीला दोनदा बसला. म्हणतो, ट्रकवरच राहीन, ड्रायव्हर होईन. जाऊ द्यावं का? – एक आई, जामखेड

ताई, कायद्यानं अजून वर्षभर तो भाड्याची गाडी चालवू शकत नाही, त्याला २० पूर्ण लागतात. तोवर त्याला हलक्या गाडीचं लायसन्स काढू द्या, कारण मोठ्या गाडीच्या शिकाऊ लायसन्ससाठी आधी हलक्याचं किमान वर्षभर जुनं असावं लागतं. शिक्षणाची अडचण नाही. आठवी पासची अट होती ती २०१९ साली काढून टाकली. एकदम ट्रकवर बसवू नका. साडेसात टनापर्यंतचा टेम्पो हलक्याच्या लायसन्सवर चालवता येतो असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये सांगितलंय. वय झालं की वर्ष-दोन वर्षं नगर-पुणे भाजीपाला वाहू द्या. रात्री घरी येईल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आम्ही शिकलो ते उस्तादाबरोबर क्लीनर म्हणून राहून. पाना देणं, टायरवर टॉमी म्हणजे लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा ओळखणं, घाटात चाकाखाली दगड घेऊन तयार राहणं, उस्तादाचे कपडे धुणं आणि शिव्या खाणं. बिजासनचा घाट गिअरमध्येच उतरायचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची नाही, हे मला एका सरदारजीनं पाठीत गुद्दा घालून शिकवलं. आता क्लीनर ठेवत नाहीत, मालकाला पगार वाचतो. नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर लागायचे, ती अटही २०१८ ला गेली. म्हणजे तुमचा मुलगा गाडीवर एकटा असणार. टायर फुटला तरी एकटा, ताप आला तरी एकटा. गाडी मागं घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायला माणूस नसतो.

जाऊ द्यायचंच तर ज्याच्याकडं अजून क्लीनर ठेवतात असा मालक शोधा. दोन-चार आहेत आपल्या भागात. पगार कमी देतील, पण तिथंच पाठवा. आणि पोराला आधी एकदा कुठल्या तरी कारखान्याच्या गेटबाहेरच्या रांगेत नेऊन दोन दिवस बसवा. गाडी चालवायची हौस सगळ्यांना असते. रांगेत बसून गुटखा, पत्ते आणि मोबाईलचा जुगार यांपासून लांब राहता आलं तर तो ड्रायव्हर होईल.

आता ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. तुमचे कष्ट कमी झाले असतील ना? – एक वाचक, ठाणे

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या गाड्यांना झालाय. आमची गाडी जुनी, तिला नाही. पण नवी गाडी असलेल्या दोस्ताला मी विचारलं. चालू गाडीत फार सुख आहे, म्हणतो, काचा बंद, धूळ नाही, हॉर्न ऐकू येत नाही. पण गाडी उभी करून एसी लावायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं. डिझेल जळतं, आणि गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू होतं ते मालकाला ॲपवर दिसतं. महिन्याच्या हिशोबात ते ॲव्हरेजमध्ये निघतं आणि ड्रायव्हरच्या माथी बसतं. म्हणजे पळताना गार आणि पार्किंगला काच खाली करून गमछानं वारा घेणं. ज्यानं नियम केला त्यानं चांगल्या मनानंच केला. फक्त त्याला वाटलं असणार की ट्रक सारखा चालूच असतो.

रात्री झोप अनावर झाली तर काय करता? – एक विद्यार्थी, लातूर

गाडी लावून झोपतो. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणी, यानं झोप जात नाही, फक्त अर्धा तास पुढं ढकलली जाते. डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, खाऊन चालवणारे पाहिलेत, त्यातले काही आता नाहीत. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम लिहिलं होतं, लांब पल्ल्याला परवानगीनं १०. माझ्या ओळखीत तसं कोणी कधी चालवलं नाही. पहाटे तीन ते पाच गाडी उभी ठेवायची, एवढा एक नियम मी पाळतो आणि मालकाला तो सुरुवातीलाच सांगतो. ज्यांना पटला नाही त्यांच्याकडं मी राहिलो नाही.

मीही ड्रायव्हर आहे. मला शुगर निघाली, डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. गाडीवर ते कसं सांभाळायचं? की लाईन सोडू? – आपला एक भाऊ, परळी

भाऊ, लाईन सोडायची का ते डॉक्टर सांगतील, आणि ते ‘सोड’ म्हणाले तर वाद घालू नका. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर एकदम खाली गेली तर स्टेअरिंगवर हात थरथरतात आणि डोळ्यांपुढं अंधारी येते, हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत झालंय. तो आता गावात दुधाची छोटी गाडी चालवतो.

चालवायचंच ठरलं तर बाटली डॅशबोर्डवर किंवा इंजिनच्या बोनेटवर कधीही ठेवायची नाही. साडू लहान मडक्यात ओली वाळू घालून, डबीत बाटली, वरून ओलं फडकं, असं बर्थच्या पायथ्याशी ठेवायचा. बर्फात थेट ठेवायची नाही, गोठली की ती बाद. एक बाटली उघडली की तारीख पेनानं लिहायची आणि किती दिवस चालेल ते मेडिकलवाल्याला विचारून ठेवायचं. नवी बाटली नागपूर किंवा रायपूरलाच घ्या, संबलपूरच्या पुढं रात्री मेडिकल उघडं सापडायची खात्री नाही. खिशात कायम साखरेच्या पुड्या असू द्या.

आणि इंजेक्शन टोचलं की थोड्याच वेळात जेवायचं असतं ना, तिथं आपली गोची होते. तुम्ही टोचता आणि नेमका तेव्हा गेटवाला नंबर पुकारतो. जेवण समोर आल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. नंबर गेला तर जाऊ द्या, मागच्या गाडीवाल्याला पुढं घ्यायला सांगा. तो घेईल.